काटे काढून इंग्रजी

आमच्या गावच्या मंगळवारच्या बाजारात शेवंताबाईंकडून मासे घ्यायचे असतील तर थोडं इंग्रजी येत असलेलं बरं. नुसतं येऊन भागत नाही, ते समजावून सांगता आलं पाहिजे. गिऱ्हाईक पाटीपुढे उकिडवं बसलं, मरळ उलटीपालटी करून बघायला लागलं की बाई विळीवरचा हात थांबवतात आणि विचारतात, "स्टिल म्हंजे काय जी? काटे काढून सांगा." ज्याला सांगता येतं त्याच्या पिशवीत मूठभर झिंगे जास्त पडतात. ज्याला येत नाही त्यालाही मासे मिळतात, पण देताना बाई त्याच्याकडे जरा दयेनं पाहतात.

वैनगंगेच्या काठचं हे गाव. धानाचं आणि मासोळीचं. इथल्या शाळेवर इंग्रजी शिकवायला मी वर्ध्याहून बदलून आलो आणि शेवंताबाईंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच बाजारात त्यांच्या पाटीपुढे जाऊन बसलो. मी कोण, काय शिकवतो, हे माझ्याआधी तिथं पोचलेलं होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकांना हातानं थोपवून त्यांनी मला विचारलं, हॅप्पी म्हणजे काय.

मी म्हटलं, आनंदी.

"आनंदी माही नणंद आहे," त्या म्हणाल्या, "आन ती जन्मात कधी हसली नाई. दुसरं सांगा."

मी सुखी म्हणून पाहिलं, खूश म्हणून पाहिलं. त्यांनी मान हलवली. एका शब्दावर दुसरा शब्द ठेवणं म्हणजे त्यांच्या मते माशावर मासा झाकणं. आतलं काही दिसत नाही. भोवती चारचौघं जमलेले, सगळ्यांची नजर माझ्यावर. शेवटी मी घाम पुसत सांगितलं, की सकाळी डोळे उघडतात आणि आज काहीतरी चांगलं आहे एवढं आठवतं, काय आहे ते मागाहून आठवतं, तसं वाटणं म्हणजे हॅप्पी.

बाईंनी जरा विचार केला. "हे बरं आहे," म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत झिंगे टाकले. बी.एड.च्या पाठांना मला असा मोकळा शेरा कोणी दिला नव्हता.

शेवंताबाईंची उंची बेताची, आवाज मात्र नदीच्या पैलतीरावर पोचणारा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तलावाचा आणि नदीचा माल मच्छीमार सोसायटीतून उचलायच्या, गावोगावच्या बाजारात विकायच्या. लिहिण्याचं म्हणाल तर सही करता येते, तीही 'शे' जरा जास्त मोठा काढून. त्यामुळे शब्द सगळे डोक्यात. विळीवर बसल्या की खवले उडत राहायचे आणि तोंडानं पाठांतर चालायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं बाई मंत्र म्हणताहेत. माशांनाही तसंच वाटत असावं.

मोठे शब्द त्यांना नको असत. सरपंचांचा पुतण्या पुण्याला शिकतो. सुटीत आला असताना त्यानं बाईंना आंत्रप्रिन्युअरशिप नावाचा शब्द देऊ केला. बाईंनी तो हातात न घेताच परत केला. म्हणाल्या, हा लग्नाकार्याचा मासा आहे, मले रोजच्या कालवणाची बारीक मासोळी पाहिजे. बट, स्टिल, मेबी, प्लीज, असले. आणि खरं सांगतो, मोठा शब्द समजावणं सोपं असतं. 'बट' समजावून बघा.

मी वर्गात 'बट' म्हणजे 'पण' असं सांगून पुढे जात आलो होतो. बाईंनी तो घरी नेला, दोन दिवस घोळवला आणि कुंपणावरून मला ऐकवला, "हो म्हणता म्हणता पाय मागं घेणं, ते बट." 'स्टिल'चं त्यांनी असंच केलं. पाऊस उघडला तरी वळचण गळून राह्यली, ते स्टिल. 'ऑलमोस्ट' म्हणजे बस दिसली, धावलो, आणि गेली. 'प्लीज' म्हणजे काम सांगण्याआधी आवाजाचा पदर नीट करणं. 'बिकॉज' म्हणजे काऊन विचारलं की जे सांगावं लागतं ते. 'एन्जॉय' मी त्यांना फार चांगला समजावला होता असं मला वाटत होतं. त्यांनी तो बाजूला सारून स्वतःचा केला. बसून जेवायचं आणि भांडे कोन घासंल याची चिंता करायची नाही, याला त्या एन्जॉय म्हणतात. हा अनुभव आपल्याला अजून आलेला नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी हे शब्द सहावीच्या वर्गात नेऊ लागलो. शाळेत पहिल्यांदाच असं झालं, की मुलं अर्थ घोकायच्या ऐवजी भांडायला लागली. बस निघून गेली ते ऑलमोस्ट, की बस चुकता चुकता मिळाली ते ऑलमोस्ट, यावर तास संपला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोन्ही. धावणाऱ्याले विचारा.

सगळ्यांशी त्यांचं असं गोडीनं जमत असे असंही नाही. सकाळच्या बसचा कंडक्टर चंद्रपूरचा, बोलायला लाघवी. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'अॅक्चुअली'नं करायचा. अॅक्चुअली सुटे द्या, अॅक्चुअली मागे सरका. बाईंनी एकदा मासळीची पाटी पायाशी ठेवून त्याला विचारलं, की हे अॅक्चुअली म्हणजे काय. तो बोलायला लागला, थांबला, पुन्हा लागला. पुढचे तीन थांबे त्यानं तिकिटं मुक्यानं फाडली. उतरताना बाईंनी निकाल दिला, "समजलं. गळ्यातली खाकर आहे ती. बोलायच्या आधी काढतात." तेव्हापासून तो कंडक्टर आमच्या गावाच्या हद्दीत शुद्ध मराठी बोलतो.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टर मॅडमनाही त्यांनी 'नॉर्मल'वरून घेरलं होतं. नॉर्मल म्हणजे काळजी करायची नाही, असं मॅडम म्हणाल्या. मंग चिठ्ठी काऊन लिहून राह्यल्या, असं बाईंनी विचारलं. मॅडम हसल्या. पुढे त्या दोघींची चांगलीच गट्टी जमली.

हे सगळं कशासाठी, याबद्दल गावात निरनिराळी मतं होती. कोणी म्हणे बाईंना निवडणुकीला उभं राहायचंय. समोरच्या कमलाबाईंचं म्हणणं, पोरगा लांब गेल्यावर एकट्या बाईच्या डोक्यात असं काहीतरी शिरतंच. मीही एकदोनदा विचारलं. बाई म्हणायच्या, "लागते." पुढे काही नाही.

त्यांचा मुलगा मंगेश मोहर्लीला एका रिसॉर्टवर जिप्सी चालवतो. पर्यटकांना सकाळ-संध्याकाळ जंगलात फिरवायचं काम. आठवड्याच्या सुटीला कधी येतो, कधी नाही. एका संध्याकाळी बाई कुंपणापाशी आल्या आणि इकडंतिकडं बघून मला म्हणाल्या, की मंग्यानं लग्न ठरवलं आहे. पोरगी त्याच्याच रिसॉर्टवर पाहुण्यांच्या नोंदी घेते. मेघालयातली आहे. नाव रिदा. तिला तिची खासी भाषा येते आणि इंग्रजी येतं. हिंदी येते, पण कामापुरती. पानी लाओ, गाडी रुको, एवढी.

मी विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं.

"त्यानं सांगितलं आता," बाई म्हणाल्या. "मले मागच्या उन्हाळ्यातच कळलं. फोनवर हसायले लागला होता."

म्हणजे गेलं वर्षभर बाजारात झिंगे वाटून बाई सुनेची तयारी करत होत्या. मराठी तिला शिकवता आली असती, ते मी सुचवूनही पाहिलं. त्यांनी ते मोडून काढलं नाही, पण म्हणाल्या, ते मागाहून होईल. आधी ती येईल त्या दिवशी तिच्याशी कोणीतरी बोललं पाहिजे.

लग्न चंद्रपूरलाच कोर्टात झालं. सुनेला घरी आणायच्या आधी मंगेशचा फोन आला आणि तो आईला म्हणाला, की बाकी काही नको, पण रिदाला प्रायव्हसी लागेल. बाईंना हा शब्द माहीत नव्हता. मी त्या दिवशी नेमका वर्ध्याला गेलेलो. बाई बसनं मूल या तालुक्याच्या गावी गेल्या आणि हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यांनी प्रायव्हसी मागितली.

दुकानदार जुना आणि व्यवहारी माणूस. त्यानं हसू दाबलं, कोणासाठी पाहिजे विचारलं, नव्या सुनेसाठी म्हटल्यावर फळीवरून पितळेची एक भक्कम कडी काढली आणि हीच, म्हणून सांगितलं. बाईंनी सुतार बोलावून ती मंगेशच्या खोलीला आतून बसवून घेतली. मी परत आल्यावर मला मोठ्या अभिमानानं दाखवली. मी शब्दाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात मी प्रायव्हसीची याहून चांगली व्याख्या ऐकलेली नव्हती. आतून कडी.

बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कडी कशासाठी असते हे त्यांनी सुताराकडून नीट समजून घेतलं होतं. त्यांनी शेजारणींना ताकीद दिली, की आता अंगणात येताना खोकून यायचं. कमलाबाई इतकं खोकायला लागल्या की डॉक्टर मॅडमनी त्यांना तपासायला बोलावलं.

रिदा आली ती मंगेशच्या मोटरसायकलवर मागे बसून. बारीक चणीची, गोरी, लाल स्वेटर घातलेली, इतक्या माणसांना एकदम बघून गांगरलेली. अंगणात अर्धा गाव. बायका एकमेकींना कोपरानं ढोसताहेत, पोरं भिंतीवर चढलेली. शेवंताबाई दारात उभ्या. त्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वेलकम. ईट. स्लीप. नो फिअर."

रिदानं तोंडावर हात धरला. आधी ती हसत होती, मग तिचे खांदे हलायला लागले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आपलं काही चुकलं का म्हणून. मी हातानंच सांगितलं, नाही.

पुढे अडचणी आल्याच. बाईंचे शब्द सुटे होते आणि रिदाची वाक्यं आगगाडीसारखी लांब. पहिल्या आठवड्यात रिदा काही बोलली की बाई तळहात उभा करायच्या आणि म्हणायच्या, "स्लो. वन वर्ड." रिदा विचार करून एकच शब्द द्यायची. बाई तो घेऊन स्वयंपाकघरात जायच्या, चुलीपाशी घोळवायच्या आणि उत्तर घेऊन यायच्या. मीठ कमी आहे एवढं कळायला कधी कधी भात निवून जाई. पण रिदा हुशार मुलगी. तिनं ओळखलं की या घरात शब्द असा सरळ टाकायचा नसतो, सोलून द्यायचा असतो. तीही तसं बोलायला लागली. अंगणात पाट मांडून दोघी भाजी निवडायच्या आणि एकेका शब्दाचा फडशा पाडायच्या. रिसॉर्टवर नवरा-बायकोला राहायला खोली मिळत नव्हती, म्हणून तिनं नोकरी सोडली होती. मंगेश आठवड्यानं येई. तोवर या दोघीच.

मी शाळेतून येताना थोडा वेळ तिथं थांबत असे. इंग्रजीचा शिक्षक म्हणून कोणी मला विचारेल अशी आशा असायची. कोणी विचारत नसे. चहा मात्र मिळे.

मग रिदाला दिवस गेले. बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्याच सुमाराला धानाची रोवणी संपून गाव जरा निवांत झालेलं, आणि रिदा हळूहळू गप्प होत गेली. जेवण कमी झालं. खोलीत जाऊन बसायची. आतून कडी नसायची, पण बाई खोकूनच जायच्या. काय होतंय विचारलं की नथिंग म्हणायची. एकदा फार विचारल्यावर तिनं एक शब्द दिला. होमसिक.

हा शब्द बाईंनी कोणाला विचारला नाही, कारण त्यांना तो येत होता. होम म्हणजे घर. सिक म्हणजे आजारी. दोन्ही शब्द त्यांनी स्वतः बाजारात कमावलेले. घर आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिलेली, मी शाळेतून आलो तर त्यांच्या घराची कौलं उतरवलेली. गवंडी भिंतीची ओल खरवडत होता. बाईंनी चूल हलवून धूर बाहेर जाईल अशा जागी बांधून घेतली, कडुनिंबाचा धूर खोल्याखोल्यांतून फिरवला, भिंतींना नवा चुना दिला. दोन-तीन दिवस ही धांदल चालली. रिदा ओसरीवर बसून हे सगळं बघायची. तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडेना. तेव्हा बाई दमून माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, घराले अजून काय आजार असंल?"

त्यांनी शब्द सांगितला तेव्हा मला हसू आलं, आणि लगेच ते गेलंही. मी त्यांना बसवलं. म्हटलं, घर आजारी नाही बाई. माणूस घरापासून लांब असतं. जिथं जातं तिथं सगळं चांगलं असतं, माणसंही चांगली असतात. पण तिथला वास, तिथलं पाणी, तिथलं बोलणं रोज आठवतं आणि माणूस आतून दुखायला लागतं. औषध नसतं त्याला. त्याचं नाव होमसिक.

या वेळी बाईंनी नेहमीसारखा शब्द घोळवला नाही, उलटा करून पाहिला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. मग विचारलं, "याले शब्द आहे?"

आहे, मी म्हटलं.

"मंग लय लोकायले होत असंल," त्या म्हणाल्या. "एकाच बाईसाठी कोनी शब्द करत नाई."

आणि उठून गेल्या.

त्या रविवारी मंगेश आला तेव्हा बाईंनी त्याला सांगून टाकलं, की रिदाचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी होईल. मंगेश हबकला. नागपूरहून गुवाहाटीची गाडी, पुढे डोंगरात मोटारीनं. त्यानं लांबचा प्रवास काढला, पैशाचं काढलं, डॉक्टरांचं काढलं. बाई आधीच डॉक्टर मॅडमना विचारून आल्या होत्या. आता निघाली तर जाता येईल, जपून जा, असं त्या म्हणाल्या होत्या. मग मंगेशनं खरी भीती सांगितली. ती तिकडे गेली आणि परत यावंसं वाटलं नाही तर? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कमलाबाईही कुंपणावरून तेच म्हणाल्या, की इतक्या लांबून कोणी परत येते का शेवंता, जरा विचार कर.

बाई मुलाला म्हणाल्या, "नाई आली तर तू जाजो तिकडं. जिप्सी तिथी बी चालत असंल."

रिदाला हे कोणत्या शब्दात सांगायचं यासाठी तरी त्या मला बोलावतील असं मला वाटलं होतं. बोलावलं नाही. कुंपणापलीकडून मला एवढंच ऐकू आलं, "रिदा. गो. युवर मदर. बेबी देअर."

मंगेश तिला पोचवून परत आला. घर नवा चुना दिलेलं, आणि त्यात बाई एकट्या. बाजारात त्या बसायच्या, मासे द्यायच्या, पण काही विचारायच्या नाहीत. लोकांना सवय झालेली होती. गिऱ्हाइकं आपण होऊन सांगायची, की बाई, एक शब्द आणला आहे, 'अनलेस', ऐका. त्या ऐकून घ्यायच्या आणि झिंगे टाकायच्या. बरोबर सांगितलंय की चूक, ते बघायच्या नाहीत. त्या हिवाळ्यात गावानं फार चुकीचं इंग्रजी सांगून फार झिंगे खाल्ले.

थंडी सरत आली तेव्हा मंगेशचा फोन आला, मुलगी झाली. बाळ-बाळंतीण बरी आहेत. बाईंनी गावभर गूळ वाटला. त्यानंतरच्या रविवारी रिदा व्हिडिओ कॉल करणार होती. बाईंच्या फोनचा डबा झालेला, म्हणून सकाळी त्या माझ्या अंगणात येऊन बसल्या. नवं लुगडं नेसून.

फोन लागला. रिदा दिसली, बाळ दिसलं. बाईंनी त्याच्याकडे इतक्या जवळून पाहिलं की तिकडे त्यांना बाईंचं फक्त कपाळ दिसलं असेल. मग रिदा म्हणाली, की माझ्या आईला तुमच्याशी बोलायचंय. पण तिला इंग्रजी येत नाही, हिंदीही नाही. तिनं फोन आईच्या हातात दिला आणि बाळ रडायला लागलं म्हणून ती आत गेली.

पडद्यावर एक म्हातारी आली. तोंड सुपारीनं रंगलेलं, डोक्याला चौकड्याचा रुमाल. ती खासीत बराच वेळ बोलली, मध्ये डोळे पुसले, परत बोलली. बोलून झाल्यावर थांबली आणि बाईंकडे बघत राहिली. बाईंनी "हॅप्पी" म्हणून पाहिलं. "बेबी गुड" म्हणून पाहिलं. म्हातारी मान हलवत होती, पण तिला कळत नव्हतं हे दिसत होतं. मी म्हटलं, रिदा येईपर्यंत थांबू.

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागल्या. पहिल्यांदा अडखळत, मग सरळ. एकही शब्द मला कळला नाही. ते इंग्रजी नव्हतं, मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं. आवाजही वेगळा होता, पैलतीरावर पोचणारा नव्हता, लहान मुलीसारखा हलका. बल्लारपूर स्टेशनवर दक्षिणेच्या गाडीची वाट बघणाऱ्या बायकांच्या तोंडून मी तशी भाषा ऐकली होती. मग कळलं, ती तेलुगू होती.

पलीकडची म्हातारी ऐकत होती. मध्ये मध्ये तिच्या भाषेत काहीतरी म्हणत होती. असं बराच वेळ चाललं. नंतर रिदा आली, निरोप झाले, फोन बंद झाला.

मी विचारलं, बाई, ही कुठली भाषा?

"माही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर सिरोंच्याच्याही पलीकडे, गोदावरीच्या काठचं. बाप मासेमारी करत नदीनं वर यायचा, त्यात इकडची सोयरीक जमली. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूनं पहिल्याच दिवशी खुणेनं सांगितलं, की घरात हे यंडुगुंडू चालणार नाही. नावही बदललं. वर्षभर त्या कोणाशी बोलल्याच नाहीत. लोक म्हणायचे, सून मुकी आणली. मग ऐकून ऐकून शिकल्या, इतक्या, की गाव ते विसरूनही गेलं. नवऱ्याला तेलुगू येत नव्हतं. मंगेशला त्यांनी कधी ऐकवलं नाही. आई-वडील गेल्यावर बोलायला कोणी उरलं नाही.

मी म्हटलं, पण त्या बाईंना तेलुगू कुठं येतं?

"नाई येत," त्या म्हणाल्या. "मराठी बी नाई येत, अन माहं इंग्रजी बी नाई समजत तिले. तिले काहीच समजणार नाई, तं मंग माहीच काऊन नाई बोलू?"

उन्हाळ्यात रिदा लेकीला घेऊन परत आली. मंगेश आणायला गेला होता, पण ती आधीच सामान बांधून बसली होती असं त्यानं सांगितलं. आता तिला मराठी येतं, आमच्या इकडचं. मले, तुले सगळं. बाजारात इंग्रजी पुन्हा सुरू झालं आहे. आणि दर रविवारी सकाळी शेवंताबाई मेघालयात फोन लावतात. एक म्हातारी खासीत बोलते, एक तेलुगूत. रिदाला पलीकडचं तेवढं कळतं, पण ती मध्ये पडत नाही. बाळाला घेऊन अंगणात फिरत राहते.

परवा मी न राहवून विचारलं, की पहिल्या दिवशी इतका वेळ काय बोलत होत्या तुम्ही त्यांच्याशी.

बाई अंगणात विळीवर मासे साफ करत होत्या. हात थांबला नाही. "मी म्हटलं तिले, माही माय बिमार पडली होती. भावाचा निरोप आला. मी निघाली, तं सासू म्हने नदीले पूर आहे, बस बंद आहे. मी बसली. माय गेली."

त्यांनी पुढची मासोळी विळीवर घेतली.

"बस चालू होती मास्तर. मले मागाहून समजलं. हे मी कोनालेच सांगितलं नव्हतं. मराठीत सांगितलं असतं तं साऱ्यायले समजलं असतं."

आत बाळ उठलं होतं. रिदानं हाक मारली तशा त्या हात धुवायला उठल्या.